हबख म्हणजे किती?

गुरुवारी रात्री साडेअकराला आमच्या डायनिंग टेबलवर 112 जोड कानातले, 28 नथी आणि दोरावाल्या टॅगचं हजाराचं पाकीट एवढा पसारा होता आणि घरातली चारही माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. शनिवारी इंदूरला ढक्कनवाला कुआंच्या ग्रामीण हाटमधे माझा आयुष्यातला पहिला स्टॉल.

कानातले बनवताना कुणाचं काही वाजलं नव्हतं बरं का. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या माहेश्वरी साड्यांचे काठ कापून गोल बेसवर ताणून चिकटवायचे, खाली मोत्याचं नाहीतर घुंगराचं लटकन आणि वर हुक. छान दिसतात. वहिनीने दोन जोड पैसे देऊन घेतले, आणि आमची वहिनी कौतुकसुद्धा उधारीवर करते म्हणजे बघा. भांडण पेटलं ते मी सहज विचारलं म्हणून, की कितीला लावायचे?

नवऱ्याने लगेच लॅपटॉप उघडला. घरात कुठलाही प्रश्न आला की हा माणूस एक्सेल उघडतो, साखरपुड्याच्या वेळीसुद्धा उघडलं होतं. मालाचे 38 रुपये, बेस हुक मोती गोंद सगळं धरून. साडीचे शून्य, असं त्याने लिहिलं आणि आई म्हणाल्या, शून्य कसे, ती साडी मला माझ्या भावाने दिली होती. तो मुद्दा तिथेच दाबला. मग मेहनत. मी म्हटलं मेहनत काय लिहायची, मी तर सिरीयल बघत बघत करते, तर म्हणे मग सिरीयलचे पैसे वजा करू का. शेवटी तासाला 100 धरले, एका जोडीला 40 मिनिटं, झाले 67. स्टॉलचं भाडं दोन दिवसाचं 2800, भागिले 140 नग, प्रत्येकी 20. डबी आणि टॅग 9. टोटल 134. मला तर हे 134 बघूनच धाप लागली, कारण मागच्याच महिन्यात मी मावशींना असलाच जोड 100 ला दिला होता आणि वर चहा-पोहे दिले होते.

पण एक्सेल तिथे थांबत नाही ना. त्याने कुठेतरी वाचलं होतं की हाताच्या वस्तूचा खर्च काढायचा, त्याच्या दुप्पट ठोक भाव आणि त्याच्या परत दुप्पट किरकोळ भाव. म्हणजे 536.

"पाचशे छत्तीस?" आई माळ जपत होत्या, ती थांबली. "अरे एवढ्यात आपण चौघं सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस, गराडू, रबडी खाऊन रिक्षाने घरी येऊ!"

सराफा म्हणजे आमचा सोनारांचा बाजार, रात्री दुकानं मिटली की तिथे खाऊगल्ली लागते, आणि गराडू म्हणजे तळून खायचा कंद. यावर एक्सेलकडे उत्तर नव्हतं. 350 ठरले. मग लेकीने, ती आठवीत आहे आणि तिला सगळं येतं, 349 लिहिण्याचा आग्रह धरला, मोठ्या दुकानात तसंच असतं म्हणून. मी म्हटलं बाळा, क्यूआरने देणारा 349 बरोब्बर देईल, पण रोख देणाऱ्या काकू एक रुपयासाठी माझ्या स्टॉलवर उभ्या राहतील आणि त्या उभ्या आहेत तोवर दुसरं कुणी येणार नाही. नवऱ्याने मधेच जीएसटी काढला, इमिटेशन ज्वेलरीला 3 टक्के लागतो. वहिनीच्या भावाला फोन केला, तो सीए आहे, तो म्हणाला मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांवर गेली की नोंदणीचं बघू, आणि मग तो जरा जास्तच वेळ हसला.

आता लेबल. मला वाटलं होतं हे अर्ध्या तासाचं काम. आधी स्टिकर आणले होते, छोटे गोल, ते बेसच्या मागे लावले आणि एक काढून बघितला तर स्टिकरबरोबर जरीचा धागा पण आला. मग खजुरी बाजारातून हे दोरावाले टॅग आणले, सराफाकडे अंगठीला असतात तसले. पण सराफाची अंगठी मखमलीत एकटी पडलेली असते हो! माझे 112 जोड स्टॅंडवर शेजारी शेजारी टांगलेले, एकाचा दोरा दुसऱ्याच्या घुंगरात, त्याचा तिसऱ्याच्या हुकात, एक झुमका उचलला की बाकी चार वऱ्हाडासारखे मागे. आणि टॅग चकचकीत, जेल पेनने लिहिलं तर पुसलं जातं, बॉलपेन चालतच नाही. सोन्याच्या दागिन्यावर 1 एप्रिल 2023 पासून 6 अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, सक्तीचा आहे, ती 6 अक्षरं नखाएवढ्या जागेत लेसरने कोरलेली असतात, आणि इथे मला कागदावर 350 लिहिता येईना. शेवटी लेकीच्या प्रोजेक्टचे जाड कार्डशीट कापले, पंचने दोन भोकं पाडली, त्यात कानातले अडकवले आणि मार्करने खाली किंमत. रात्रीचा दीड वाजला. 140 कार्डं. पंच मशीनमधून पडलेल्या टिकल्या अजून सोफ्यात सापडतात.

पण खरी अक्कल त्यानंतर सुचली, म्हणजे नवऱ्याला सुचली. म्हणाला, शनिवारी मी स्टॉलवर असेन तेव्हा कुणी घासाघीस केली तर मला कसं कळणार कितीपर्यंत उतरायचं, तू तर तेव्हा जेवायला गेलेली असशील. तर पूर्वीचे कापड दुकानदार करायचे तसं करू, कार्डाच्या कोपऱ्यात शेवटचा भाव, पण अक्षरात. दहा अक्षरांचं एक वाक्य, एकही अक्षर परत नाही, पहिलं अक्षर 1, दुसरं 2, शेवटचं शून्य.

रात्री दीडला चार माणसं दहा अक्षरी वाक्य शोधतायत. देवाची नावं झाली, गावांची झाली, कशात ना कशात र दोनदा. शेवटी लेक म्हणाली, "पोहे जिलबी सराफ्यात खा". मोजलं. प, ह, ज, ल, ब, स, र, फ, त, ख. बरोब्बर दहा! मला तिचा इतका अभिमान वाटला की आधीच्या 349 चा राग गेला. नवऱ्याची फक्त एक तक्रार, की पोहे सकाळचे आणि सराफा रात्रीचा, पोहे सराफ्यात कोण खातं. आई म्हणाल्या, तू 536 ला कानातले विकणारा, तू बोलू नकोस.

तर 350 च्या झुमक्याचा शेवटचा भाव 250, म्हणजे हबख. 300 वाल्याचा 200, हखख. 120 च्या नथीचा 100, पखख. सगळ्या कार्डांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून टाकलं आणि झोपलो तेव्हा दूधवाला येऊन गेला होता.

शनिवारी गर्दी बरी होती. पहिल्या तासाला तीन जोड गेले, तिन्ही पूर्ण भावात, मी हवेत. मग दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्यातली एक कार्ड डोळ्याजवळ नेऊन विचारते, "भैया ये हबख क्या है?" मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "गांव है, महेश्वर के पास. वहां के कारीगर बनाते हैं."

"और पखख?"

"वो उसके आगे पड़ता है."

मी स्टॉलखाली वाकून पिशवीत उगीचच काहीतरी शोधत राहिले. मुलींनी हबखचे दोन जोड घेतले. एकीने तर गावाचं नाव दिसेल असा फोटो काढला.

चारच्या सुमारास एक आजोबा आले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, नातींसाठी काहीतरी बघत होते. काही विचारलं नाही. नथ उचलली, कार्ड बघितलं, ठेवली. 300 वाला झुमका उचलला, बघितला, ठेवला. मग 350 वाला. चष्मा कपाळावर केला, परत खाली घेतला. मी म्हटलं, "काकाजी, सब हाथ का काम है." ते म्हणाले, "हां बेन, दिख रहा है," आणि परत नथ उचलली.

मग अगदी हळू आवाजात, जसं काही माझी चैन तुटलीय आणि लोकांना कळायला नको, तसं म्हणाले, "ये ख तो जीरो है ना?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा महेश्वरकडे बघत होता.

"सबके पीछे ख लगा है," ते बोटाने दाखवत म्हणाले. "नथनी 120 की, उस पे पखख. पीछे दो जीरो, तो 120 के नीचे 100 ही बचा. प हुआ एक. झुमका 300 का, हखख. एक तो प ले गया, तो ह दो. अब बचा ये 350 वाला." थोडं थांबले. "हबख में दे दो."

चाळीस वर्षं क्लॉथ मार्केटमधे काढलीत म्हणे. मी मुकाट्याने तीन झुमके पॅक केले, 250 प्रमाणे 750, कारण त्या भावाला नाही कसं म्हणणार, मी स्वतःच लिहून ठेवला होता. पैसे मोजून देताना मात्र त्यांना आमची दया आली असावी. म्हणाले, जीरो के लिए दो अक्षर रखने चाहिए, कभी ये लगाओ कभी वो, नहीं तो बच्चा भी पकड़ लेगा. आणि जाता जाता नवऱ्याला विचारलं, "वो हबख गांव में धर्मशाला है क्या?" म्हणजे हे गृहस्थ मुलींच्या वेळेपासून शेजारच्या स्टॉलवर उभे होते.

दोन दिवसात 61 नग गेले. उरलेल्या सगळ्या कार्डांचे कोपरे मी कात्रीने कापून टाकलेत, त्यामुळे ती आता उंदराने खाल्ल्यासारखी दिसतात. नवीन वाक्य शोधणं चालू आहे, आता शून्याला दोन म्हणजे अकरा अक्षरं पाहिजेत. परवा आईंनी माळ जपता जपता एकदम सांगितलं, "गराडू तळून वाढा की हो". मोजलं तर दहा भरली, एकही परत नाही, अकरावं कुठूनतरी आणू. पण नवऱ्याचं म्हणणं, गराडू थंडीतले आणि आपला पुढचा स्टॉल मेमधे आहे.