पीटी क्रूझर म्हणजे ‘मुखवटा चढवलेली निऑन’? आधी मागचा दरवाजा उघडून बघा

क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या पीटी क्रूझर या गाडीबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीच्याच निऑन नावाच्या स्वस्त सेडानवर १९३०च्या दशकातल्या गाडीचा मुखवटा चढवला, चेहरा जुन्या फोर्डवरून उचलला, कागदोपत्री ट्रक दाखवून कायद्याला बगल दिली, इंजिनात दम नव्हता, दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी, आणि तोच डिझायनर पुढे जनरल मोटर्समध्ये गेल्यावर तेच चित्र पुन्हा खपवून शेवरले एचएचआर काढली. शेवटी निकाल: ‘रेट्रोच्या नादात गाडी आपटली.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडंफार खरं आहे, म्हणून तर ते पसरतं. गोची अशी की हे सगळं गाडीच्या तोंडाकडे बघून लिहिलेलं आहे. पीटी क्रूझरचे मोठे निर्णय मागे झाले, डिकीच्या फ्लोअरपाशी. तिथून बघितलं की बाकीचे मुद्दे वेगळे दिसू लागतात.

‘खाली निऑनच आहे’

इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब). ही मांडणी निऑनच्याच घराण्यातली, हे मान्य. पण आकडे शेजारी ठेवा. त्या काळची, म्हणजे दुसऱ्या पिढीची निऑन सुमारे ४४३० मिमी लांब आणि १४२० मिमी उंच. पीटी क्रूझर ४२८८ मिमी लांब आणि १६०० मिमी उंच. व्हीलबेससुद्धा (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) वेगळा: निऑनचा २६६७, पीटीचा २६१६. म्हणजे लांबीत जवळपास १४ सेंटिमीटर कमी आणि उंचीत १८ सेंटिमीटर जास्त. वरचं पत्र्याचं कवच बदलून असा फरक पडत नाही. त्यासाठी माणसांना बसवायची पद्धत बदलावी लागते. सेडानमध्ये पाय पुढे पसरून बसतात, पीटीत खुर्चीवर बसल्यासारखं ताठ बसतात. सीट उंच झाली की पायांना आडवी जागा कमी लागते. त्यामुळे आखूड गाडीतही मागे ऐसपैस बसता येतं.

इंजिनही निऑनचं नाही. निऑनला २.० लिटरचं होतं. अमेरिकेतल्या पीटीला २.४ लिटरचं, डबल ओव्हरहेड कॅमचं, १५० अश्वशक्तीचं इंजिन मिळालं, जे कंपनी आपल्या मिनीव्हॅनमध्येही वापरत होती.

खरा फरक मात्र मागच्या चाकांपाशी आहे. निऑनला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होतं, प्रत्येक चाकाला उभा स्ट्रट. सेडानला ते शोभतं. वॅगनमध्ये तेच स्ट्रट दोन्ही बाजूंनी डिकीत घुसतात आणि नेमकी सामानाची रुंदी खातात. म्हणून पीटीला ते ठेवलंच नाही. त्याऐवजी दोन्ही चाकांना जोडणारा ट्विस्ट बीम आला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर फ्लोअरच्या खाली गेले.

ट्विस्ट बीमची एक जुनी खोड आहे. वळणावर आडवा जोर आला की तो सगळा बीमच्या पुढच्या दोन बुशवर (जोडणीतल्या रबरी गुट्ट्यांवर) येतो. बुश मऊ ठेवले तर गाडीची मागची बाजू वळणात किंचित स्वतःहून वळते. कडक ठेवले तर प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. पीटीत त्यावर वॅट लिंकेज बसवलं. बीमच्या मधोमध एक छोटी फिरती पट्टी, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक आडवी कडी, आणि कड्यांची दुसरी टोकं बॉडीला. चाकं वरखाली झाली की पट्टी फिरते, पण बीम डावीकडे-उजवीकडे सरकत नाही. आडवा जोर या जोडणीने घेतला की पुढचे बुश मऊ ठेवायची मोकळीक मिळते. (एकाच तिरप्या दांड्याने, म्हणजे पॅनहार्ड रॉडनेही हे काम भागतं आणि स्वस्तात भागतं. पण तो दांडा कमानीत फिरतो, त्यामुळे सस्पेन्शन दबताना बीम थोडा एका बाजूला ओढला जातो.) या आकाराच्या, या किमतीच्या गाडीत वॅट लिंकेज त्या काळी सहज सापडत नव्हतं. मुखवटाच चढवायचा असता तर निऑनचे स्ट्रट होतेच की तयार.

या जोडणीचा एक तोटाही सांगायला हवा. कड्यांच्या टोकांचे बुश झिजले की हळू वेगात, ओबडधोबड रस्त्यावर मागून ‘टक टक’ येतं, आणि बरेच जण शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून मोकळे होतात. आवाज तसाच राहतो. गाडी चाकांवर उभी असताना कोणीतरी तिला बाजूने हलवावं आणि दुसऱ्याने खाली मधल्या पट्टीला हात लावून ठेवावा. सैलपणा असेल तर हाताला लगेच कळतो.

‘ट्रक म्हणून नोंदवणं ही फसवणूक’

हा मुद्दा सगळ्यात अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेत कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजवर मर्यादा असते, आणि प्रवासी गाड्यांचा व हलक्या ट्रकांचा हिशेब वेगळा धरतात. २००१ मॉडेल वर्षात प्रवासी गाड्यांसाठी ही सरासरी २७.५ मैल प्रति गॅलन (लिटरला सुमारे ११.७ किमी) होती आणि हलक्या ट्रकांसाठी २०.७ (सुमारे ८.८ किमी). पीटीचा आकडा या दोन्हींच्या मध्ये. प्रवासी गाड्यांत धरली असती तर तिने सरासरी खाली ओढली असती. ट्रकांत धरल्यावर तिने ती वर नेली, आणि कंपनीला मोठे पिकअप, एसयूव्ही विकायला तेवढी सूट मिळाली. फायदा झाला, आणि तो हवाच होता. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण यासाठी नुसता अर्ज भरून भागत नव्हतं. नियमात अट होती की साध्या हत्यारांनी सीटा काढता आल्या पाहिजेत आणि काढल्यावर मागे सपाट, सलग फ्लोअर मिळालं पाहिजे. आता वरचं सस्पेन्शन पुन्हा आठवा. स्ट्रट आत घुसले असते तर असं फ्लोअर कसं मिळालं असतं? पीटीची मागची सीट ६५:३५ मध्ये विभागलेली. दोन्ही भाग घडी होतात, पुढे उलटतात आणि उचलून बाहेर काढता येतात. पुढची सहप्रवाशाची सीटही पाठ पुढे पाडून सपाट होते, म्हणून आठ फुटांची शिडी मागचा दरवाजा बंद करून आत मावते. डिकीतली फळी पाच वेगवेगळ्या जागी बसते. सामान झाकायचं, वरखाली दोन कप्पे करायचे किंवा फळी मागे बाहेर काढून टेबल करायचं, सगळं त्याच एका फळीवर.

आता कायद्यासाठी फ्लोअर सपाट केलं की ग्राहकासाठी, असा वाद घालता येईल. दोन्हींसाठी, असंच उत्तर आहे. पळवाट म्हणायची तर ती नियमात होती, आणि पुढे ती बुजवलीही गेली: २०१२ मॉडेल वर्षापासून हा मार्ग तीन रांगा असलेल्या गाड्यांपुरताच उरला.

‘चेहरा जुन्या फोर्डचा’

मग तो कोणत्या फोर्डचा, हे मात्र कोणी सांगत नाही. फोक्सवॅगनच्या न्यू बीटलला किंवा २००१च्या मिनीला एक ठरलेली पूर्वज गाडी होती. तिची प्रमाणं सोडली की ओळखच गेली. पीटीला असा एकच पूर्वज नाही. निमुळतं बोनेट, फुगीर मडगार्ड, उंच छप्पर हा १९३०च्या दशकातल्या कित्येक अमेरिकी गाड्यांचा सामायिक ऐवज आहे. जवळचं नातं बघायचं तर घरातच आहे. क्रायस्लरच्याच प्लायमाउथ ब्रँडची १९९७ची प्रोन्टो ही संकल्पना-गाडी आणि त्याच वर्षी विक्रीला आलेली प्राउलर यांची नाकं बघा. पीटी मुळात प्लायमाउथ म्हणूनच यायची होती. तो ब्रँडच बंद करायचं ठरल्यावर तिच्यावर क्रायस्लरचे पंख आले.

बाहेरचं रूप ब्रायन नेस्बिट यांचं. जुन्या गाड्यांत मडगार्ड वेगळे असत आणि मधल्या जागेत पायरी. त्यामुळे बाहेरून रुंद गाडी आत अरुंद असायची. पीटीत पायरी नाही, दरवाजे बाहेरपर्यंत आलेत आणि मडगार्डचा फुगवटा पत्र्यातच उठवलाय. १७०५ मिमी रुंदीत केबिनची रुंदी वाचली ती इथे. मागच्या दरवाज्याची कड चाकावरून कशी वळवलीय ते जवळून बघा: मडगार्डचा फुगवटा दरवाज्याच्या पत्र्यावरून पुढे येत विरतो. दोन वेगळ्या पत्र्यांवर ती एकच रेघ जुळवायची म्हणजे साचे आणि दरवाज्याची बसवणूक दोन्ही काटेकोर लागतात. अपघातानंतर दुसरा दरवाजा बसवलेली पीटी ओळखायची असेल तर आधी याच रेघेवर नजर टाका.

‘दुरुस्ती डोकेदुखी’

इथे मजकूर बरोबर आहे, आणि कारण खरोखर रूपातच आहे. बोनेट पुढे निमुळतं होतं, त्यामुळे इंजिनाची जागा अरुंद. टर्बो नसलेल्या २.४ मध्ये इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीचा) वरचा भाग इंजिनाच्या डोक्यावर येतो आणि स्पार्क प्लग त्याच्याखाली. म्हणजे प्लग बदलायचे तर आधी हवेचा पाइप, थ्रॉटलची केबल, व्हॅक्यूमचे पाइप आणि सेन्सरचे कनेक्टर सोडवा, मग मॅनिफोल्ड उचला. उचलल्याबरोबर खालच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबायची. आत पडलेला एक नट इंजिनाला महागात पडतो. परत बसवताना गॅस्केट फाटलेलं किंवा दबलेलं असेल तर नवीन घ्या, नाहीतर हवा ओढली जाऊन आयडलिंग डगमगतं आणि दोष नव्या प्लगांवर येतो.

टायमिंग बेल्टचं काम याहून वरचं. बेल्ट इंजिनाच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूचं माउंटिंग आणि ब्रॅकेट काढावं लागतं, तोवर इंजिन खालून जॅकवर, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून तोलायचं. इंजिन आणि चासीच्या पट्टीत जागा इतकी कमी की काही बोल्ट बाहेर यायला इंजिन थोडं वरखाली करावं लागतं. याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलावेत. पंप वाचवला आणि तो वर्षाने गळला तर हीच सगळी मजुरी पुन्हा. बेल्ट बसल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळवून बघितल्याशिवाय कव्हर लावू नये.

पुढच्या लोअर आर्मचे आणि स्टॅबिलायझर बारचे बुश लवकर वाजायला लागतात, ही तक्रारही खरी आहे. त्याचा रेट्रोशी संबंध नाही.

‘दम नव्हता’

सुरुवातीच्या गाड्यांना लागू. साधारण १४०० किलो वजन, १५० अश्वशक्ती आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक, पिकअप बेताचाच. २००३ला २१५ अश्वशक्तीची टर्बो आली आणि ही तक्रार मिटली. युरोपात मर्सिडीजचं २.२ लिटर डिझेलही मिळायचं.

‘एचएचआर ही त्याच चित्राची दुसरी प्रत’

नेस्बिट २००१मध्ये जनरल मोटर्समध्ये गेले हे खरं. क्रायस्लरमध्ये असताना पीटीची पाठराखण करणारे बॉब लट्झही त्याच वर्षी तिथे पोहोचले. त्यामुळे संशय बिनबुडाचा नाही. कल्पना तिथून आली असं कोणी म्हटलं तर वाद घालणार नाही. पण प्रत म्हणणं म्हणजे टेप न लावता बोलणं. एचएचआर पीटीपेक्षा जवळपास १९ सेंटिमीटर लांब, जनरल मोटर्सच्या डेल्टा प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), आणि तिच्यासमोर एक नेमकी गाडी होती: १९४९ची शेवरले सबर्बन. एचएचआरची मागची सीट घडी होते, पण पीटीसारखी उचलून बाहेर येत नाही. उलट तिने एक गोष्ट केली जी पीटीला जमली नाही. मागच्या खिडक्यांच्या जागी पत्रा असलेली सामानाची व्हॅन तिच्यातून निघाली. २०१४च्या मोठ्या इग्निशन स्विच रिकॉलमध्ये एचएचआरही होती. तो स्विच जनरल मोटर्सच्या इतर छोट्या गाड्यांतूनच आला होता, पीटीतून नव्हे.

‘आपटली’

२००१ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर, दहा वर्षांत जगभर १३ लाखांहून जास्त गाड्या. याला आपटणं म्हणत असतील तर बऱ्याच कंपन्यांना असं आपटायला आवडेल. चूक झाली ती नंतर. २००६ला चेहरा आणि डॅशबोर्ड बदलला, पण आतलं प्लास्टिक सुधारण्याऐवजी आणखी स्वस्त वाटू लागलं. निऑन २००५लाच संपली होती आणि तिच्या जागी आलेली डॉज कॅलिबर वेगळ्याच प्लॅटफॉर्मवर होती. पीटीची दुसरी पिढी काढायला खालचा पायाच उरला नव्हता, आणि क्रायस्लरच्या २००९च्या दिवाळखोरीत नव्याने घालायला पैसा नव्हता. जुलै २०१०मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका कारखान्यात शेवटची पीटी निघाली. त्यानंतर कंपनीने त्याच कारखान्यात उत्तर अमेरिकेसाठी जी गाडी बनवायला घेतली ती होती फियाट ५००, म्हणजे १९५७च्या गाडीवरून काढलेली रेट्रो गाडीच.