जहाजाचे फोटो बास, आता केबिन नंबर सांगा

दिवाळी झाली की कोल्हापूरकरांच्या फेसबुकवर क्रूझचे फोटो यायला लागतात. डेकवरचे, बुफेच्या टेबलाजवळचे, रात्रीच्या शोचे. बघून आनंद वाटतो, पण पुढच्या कुटुंबाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या घरात आई-वडिलांना पहिल्यांदा जहाजावर न्यायचं ठरत असेल, तर त्यांना वेगळंच हवं असतं. केबिन कितव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर होती, मध्यात होती की टोकाला, रात्री डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज आला का, शेवटच्या दिवशी बिल किती झालं आणि कशाकशाचं झालं. जाऊन आलेल्यांनी हे सांगावं आणि जाणाऱ्यांनी हेच विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रूझ चांगली होणार की पैसे पाण्यात जाणार, हे बहुतेक वेळा कोल्हापूर सोडायच्या आधीच ठरलेलं असतं.

पहिली गोष्ट जहाजाची. मोबाईलवर जी रील्स फिरतात ती बहुतेक प्रचंड मोठ्या जहाजांची असतात. 'आयकॉन ऑफ द सीज' 2024 मध्ये सुरू झालं, त्याची लांबी 365 मीटर आहे. मुंबईहून 2021 पासून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' 1990 साली बांधलेलं आणि साधारण 211 मीटर लांब आहे, आधी ते रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होतं. जहाज लहान आणि जुन्या बांधणीचं म्हणून वाईट होत नाही. गोव्याला दोन-तीन रात्रींची सहल करायला ते पुरेसं आहे, व्हिसा लागत नाही, जेवण आपल्या तोंडाचं मिळतं. पण त्याच्या खोल्या लहान, बाथरूम लहान, बाल्कनीच्या केबिन मोजक्या. मोठ्या जहाजाची रील दाखवून घरच्यांना मुंबईच्या जहाजावर नेलं की पहिल्या तासातच तोंडं उतरतात. ज्या जहाजाचं बुकिंग आहे त्याच जहाजाच्या खोलीचा व्हिडिओ दाखवा.

आता केबिन. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जहाज दोन प्रकारे हलतं: डावी-उजवीकडे कलतं आणि पुढची-मागची टोकं वर-खाली होतात. कलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, पण टोकांच्या वर-खाली होण्यावर त्यांचा उपयोग नाही. म्हणून ज्याला घाटात गाडी लागते त्याने खालच्या डेकवरची, जहाजाच्या लांबीच्या मध्यातली केबिन घ्यावी. नेमकी हीच केबिन स्वस्त असते. आणि लोक जादा पैसे भरून सगळ्यात वर, सगळ्यात पुढे बाल्कनी घेतात, मग त्याच बाल्कनीत उलट्या करत बसतात. दोन रात्रींच्या सहलीला बाल्कनी घेऊच नये असं मी म्हणेन. जागे असताना माणूस डेकवरच असतो.

डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडून आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री गाण्यांचा बास घुमतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. दोन खोल्यांमध्ये उघडणारं दार असलेली केबिन स्वतःच्याच दोन खोल्या असतील तरच घ्या, नाहीतर शेजारच्यांचं बोलणं रात्रभर ऐकू येतं. 'गॅरंटी' नावाच्या स्वस्त दरात केबिनचा नंबर कंपनी ठरवते, ज्येष्ठांसाठी तो दर टाळा. चौघांचं कुटुंब असेल तर एका केबिनमध्ये चौघं कोंबण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या केबिनचा भाव काढा. चौघांच्या खोलीत वरचे दोन बिछाने छतातून खाली येतात, शिडीने चढावं लागतं, आणि सकाळी एका बाथरूमसमोर चौघांची रांग लागते.

महिना कुठला, हाही प्रश्न नीट विचारला जात नाही. अरबी समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत असतो. शाळेला सुट्टी असते म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा, पावसाळा जवळ येईल तशी लाट वाढत जाते. लक्षद्वीपच्या सहलीत आणखी एक मुद्दा आहे. मोठं जहाज बेटाला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांना हे अवघड जातं, आणि लाट मोठी असेल तर कॅप्टन उतरणंच रद्द करतो. तेव्हा 'बेटावर जायला मिळालंच नाही' म्हणून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, बुकिंगच्या अटींत ते लिहिलेलं असतं. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो, तेव्हा कागदपत्रं वेळेत द्या. आणि तिथून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

कागदपत्रांत घोटाळा होतो तो नावाच्या स्पेलिंगचा. आधारवर एक, तिकिटावर दुसरं, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि एकीकडे नाही. बुकिंग करतानाच जे ओळखपत्र नेणार ते समोर ठेवून नाव टाका. परदेशी क्रूझसाठी पासपोर्टची मुदत परत येण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढची हवी. पासपोर्टसाठी आता पुण्याला जायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. सिंगापूरहून जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश होतो. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, एजंटला हे आवर्जून विचारा. गरोदर बाईला बहुतेक कंपन्या 24 वा आठवडा लागल्यावर घेत नाहीत, तोही सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरून. सहा महिन्यांखालचं बाळ नेता येत नाही. हे बंदरावर कळलं तर पैसेही परत मिळत नाहीत.

मुंबईच्या क्रूझला कोल्हापूरहून सगळ्यात सोयीची महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री नऊच्या आत निघते आणि सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते. तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझचं बंदर, टॅक्सीने जवळच आहे. ट्रॅव्हल्सने गेलात तर सकाळच्या गर्दीत वाशी ते सायन किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. चेक-इन बहुतेक वेळा जहाज सुटण्याच्या दीड-दोन तास आधी बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद. सिंगापूरच्या क्रूझला मात्र आदल्या दिवशीच तिथे मुक्काम करा. त्याच दिवशीच्या विमानाने जाऊन जहाज पकडायचं, हे गणित एका उशिराच्या विमानाने कोलमडतं.

मोठ्या बॅगेला केबिन नंबरचा टॅग लावून ती बंदरावरच द्यायची असते, ती तुमच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते. तोवर औषधं, पासपोर्ट, मोबाईलचा चार्जर आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीतच हवेत. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत आणि दुपारची वेळ टळून गेलेली, हे फार ठिकाणी घडतं.

आता आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय, खायचं सामान. घरी केलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. कंपनीचं बंद पाकीट असेल तर भडंग, फरसाण, बिस्किटं सहसा चालतात. पण परदेशी क्रूझला घरचा कांदा-लसूण मसाला नेऊच नका. आपल्याकडे त्यात बऱ्याच घरी खसखस पडते. दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडे खसखस बंदीच्या यादीत आहे, आणि तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्याशी वाद घालता येत नाही. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी अनारसेही घरीच ठेवावेत, त्यांनाही खसखस लावलेली असते. मावा आणि तंबाखूच्या पुड्या, सिंगापूरला जाणार असाल तर, खिशातून, पर्सच्या कप्प्यातून, बॅगेच्या कोपऱ्यातून काढून टाका. तिथे चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, ई-सिगारेटवरही आहे. जैन किंवा उपवासाचं जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, जहाजावर चढल्यावर सांगून स्वयंपाकघराला ते जमत नाही.

केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन लावू नका. घरी रोजची पूजा असणाऱ्यांना हे जड जातं हे समजू शकतं, पण भर समुद्रात आग हा सगळ्यात मोठा धोका असतो. 2006 मध्ये 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या बाल्कन्यांना मोठी आग लागली, तीही टाकून दिलेल्या सिगारेटने लागल्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि साधी एक्स्टेंशन बोर्डची वायर बंदरावरच काढून घेतात. परदेशी जहाजांवर आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. अमेरिकी चपट्या किंवा युरोपी गोल दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर आणि तीन-चार यूएसबी असलेला एक चार्जर न्या. भिंती लोखंडी असतात, चार चुंबकी हुक नेले तर ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगायची सोय होते.

संडासाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. तिथे पाण्याच्या जोरावर नाही, हवेच्या ओढीवर सगळं चालतं. ओला टिश्यू, सॅनिटरी पॅड, डायपर काहीही टाकलं की पाइप तुंबतो, आणि तुमची एकट्याची नाही, त्या ओळीतल्या बऱ्याच केबिनची सोय बंद पडते. परदेशी जहाजांवर जेट स्प्रे नसतो, एक लहान प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. आणि पायात रबरी सोलचं काहीतरी हवं. कोल्हापुरी चप्पल फोटोपुरती छान, पण ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो आणि खाऱ्या पाण्याने चप्पलही वाया जाते.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही. अव्होमिनसारखी गोळी जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडं आणि थोडं थोडं खा, आलेपाक चघळा, मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघा. केबिनमध्ये पडून मोबाईल बघितला की त्रास वाढतोच. बुफेत जाण्याआधी हात साबणाने धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट काम करत नाही.

सुरक्षेची कवायत चुकवू नका, मला यात सगळ्यात जास्त तळमळ वाटते. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आपटलं आणि 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की जमायचं. कुठे, ते केबिनच्या दारामागे आणि बहुतेक वेळा तुमच्या केबिनच्या कार्डावर लिहिलेलं असतं. आजी-आजोबांना हात धरून ती जागा एकदा चालत दाखवा. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते, त्यामुळे जिनाच दाखवा.

पैशाचा हिशोब असा. जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं. त्याला डेबिट कार्ड जोडलं तर कंपनी एक रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला बरेच दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड जोडा. परदेशी जहाजांवर माणशी रोजचे साधारण 15 ते 20 डॉलर टिपेचे आपोआप लागतात, चौघांचे चार दिवसांचे धरून आधीच बजेटमध्ये टाका. दारूचं पॅकेज बऱ्याच ठिकाणी केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यावं लागतं, एकाने पिऊन दुसऱ्याचे पैसे वाया जातात. आणि बंदर सुटताच मोबाईल विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं, देशाचं रोमिंग पॅक त्याला लागू होत नाही, आणि एका फोनचं बिल हजारांत जाऊ शकतं.

बंदरात उतरल्यावर घड्याळ जहाजाचं धरा, मोबाईलचं नको. जहाजाने स्वतः विकलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरची टॅक्सी ठरवून गेलात आणि अडकलात तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. जहाजावर मिळणाऱ्या रोजच्या पत्रकात त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा नंबर असतो, त्याचा आणि पासपोर्टचा फोटो काढून ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि पासपोर्ट त्यात जाता कामा नयेत. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा काउंटरवर बघा, न घेतलेलं पाणी, मिनीबारची (खोलीतल्या फ्रिजची) एखादी ओळ असेल तर तेव्हाच काढून घ्या. सकाळी काउंटरवर एवढी गर्दी असते की लोक वाद सोडून पैसे भरून निघतात. आणि परतीचं तिकीट कोयना एक्सप्रेसचं काढू नका, ती सीएसएमटीहून सकाळी नऊच्या आत सुटते, जहाजातून उतरून ती मिळणं कठीण. रात्री साडेआठच्या आत सुटणारी महालक्ष्मी धरा, बॅगा क्लोकरूमला ठेवा आणि दिवस फोर्टात काढा.