शिंगराची नजर आणि घोड्याचा रंग
शिंगरांच्या डोळ्यांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण एक वाक्य खटकलं. डोळ्यासमोर हात हलवल्यावर नवजात शिंगरू पापणी मिटत नसेल तर ते आंधळं समजावं, असं तुम्ही लिहिलंय. अहो, ही प्रतिक्रिया जन्मतः नसतेच! ती शिकावी लागते, त्यात दोनेक आठवडे सहज जातात. तोवर प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, झगझगीत उजेडात डोळा मिटतो का, हे बघायचं.

लेखातला पापणी आत वळण्याचा भाग नेमका आहे. केस कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, घासून जखम होते. बहुतेकदा तात्पुरत्या टाक्यांवर भागतं. चेहरा अजून वाढायचा असतो, कापाकापीची घाई नको.

लेखात राहून गेलं ते रंगाचं. अमेरिकेतल्या केंटकीचे रॉकी माउंटन घोडे चॉकलेटी अंग नि पांढुरक्या आयाळीसाठी प्रसिद्ध. तो रंग येतो पीएमईएल१७ जनुकातल्या ‘सिल्व्हर’ बदलातून, आणि तोच बदल डोळ्यालाही भोवतो. एकाच पालकाकडून बदलाची एक प्रत आली असेल तर साधारणपणे डोळ्याच्या आत पाण्याच्या पुटी, नजर बहुधा शाबूत. दोघांकडून मिळून दोन प्रती आल्या की फुगीर कॉर्निया, अर्धवट वाढलेली आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा), कधी मोतीबिंदू. वर हा बदल फक्त काळं रंगद्रव्य फिकं करतो, म्हणजे तांबड्या घोड्यात तो असूनही दिसत नाही. आयाळीवर भाळून जोड्या लावणाऱ्यांनी आधी दोघांचे चार केस उपटून जनुकचाचणीला पाठवावेत. वासराच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही... वासराच्या नव्हे, शिंगराच्या! गोठ्याची सवय, दुसरं काय.