करी हाउसचे मेनूकार्ड कसे वाचावे

ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त नव्याने आलेली मराठी मुले मला हमखास विचारतात की, इथे खिशाला परवडेल आणि तोंडाला चव येईल असे भारतीय जेवण कुठे मिळते. त्यांना मी एखाद्या हॉटेलचे नाव क्वचितच सांगतो, कारण आज नावाजलेल्या हॉटेलाचा आचारी सहा महिन्यांत दुसरीकडे जातो, मालक बदलतो, आणि पाटी तीच राहूनही चव पार बिघडते. त्याऐवजी मेनूकार्ड वाचायला शिका, असे मी सांगतो. इथल्या करी हाउसचे, म्हणजे भारतीय धाटणीच्या हॉटेलाचे, मेनूकार्ड नीट वाचता आले की आत काय शिजते आहे याचा अंदाज काचेबाहेर उभ्या उभ्या येतो.

हे मला उशिरा कळले. पहिल्या वर्षी इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका लहान गावात, घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन, मी एका हॉटेलात धनसाक मागवला होता. पारशी घरांत रविवारी दुपारी मटण आणि डाळी एकजीव करून केला जाणारा, शुभकार्याला मात्र कटाक्षाने टाळला जाणारा तो पदार्थ माझ्या डोळ्यांसमोर होता. प्रत्यक्षात ताटलीत आली ती गोडसर, आंबट, केशरी रंगाची आमटी, आणि तिच्यात अननसाच्या फोडी! मित्राच्या विंदालूत बटाटे होते. गोव्याला पोर्तुगिजांकडून मिळालेल्या या पदार्थाच्या नावात मुळात वाइन आणि लसूण आहे, आपल्या ‘आलू’शी त्याचा काहीएक संबंध नाही, पण शेवटच्या दोन अक्षरांनी कुणाला तरी फसवले आणि बटाटा कायमचा चिकटला. त्या रात्री आम्ही दोघांनी एकमेकांच्या वाटीतले चाखून पाहिले, तेव्हा तिखटपणा सोडला तर दोन्ही पदार्थ चवीला एकच होते.

त्यामागचे कारण समजल्यावर माझा राग बराच निवळला. अशा हॉटेलांत सकाळी मोठ्या पातेल्यात ढीगभर कांदा, आले, लसूण, थोडे गाजर आणि टोमॅटो मऊ शिजवून, घोटून एक पातळ रस्सा तयार ठेवतात. कोंबडी आणि मटण आधीच शिजवलेले असते. ऑर्डर आली की कढईत तेल, मसाल्याची पूड, टोमॅटोची पेस्ट आणि त्या रश्शाचे दोन-तीन डाव मोठ्या आचेवर आटवायचे; नारळ आणि साय घातली की कोर्मा, मिरचीपूड वाढवली की मद्रास, आणखी वाढवली की विंदालू, डाळ ढकलली की धनसाक. दहा मिनिटांत चार माणसांचे चार वेगळ्या नावांचे पदार्थ टेबलावर येतात. ही युक्ती ज्यांनी रूढ केली, त्यांत आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. त्यांपैकी कितीतरी जण ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून आले, लंडनमध्ये उतरून राहिले, भांडी घासण्यापासून सुरुवात करून दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःची खानावळ थाटण्यापर्यंत पोहोचले, आणि इंग्रज गिऱ्हाइकाला जे रुचेल ते ‘इंडियन’ या पाटीखाली विकू लागले. त्यांच्याही आधी, 1810 मध्ये, पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी खाण्याचे पहिले उपाहारगृह काढले होते आणि दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले होते. गिऱ्हाईक ओळखल्याशिवाय हा धंदा चालत नाही, हे त्यांच्यानंतर आलेल्यांना कुणी शिकवावे लागले नसावे.

म्हणून मेनूकार्डावर कोर्मा, भुना, दोपियाझा, मद्रास, विंदालू अशी उतरंड दिसली आणि प्रत्येकापुढे ‘चिकन, लॅम्ब, प्रॉन, व्हेजिटेबल’ असे चारचार पर्याय दिसले, की समजावे, आत पातेले एकच आहे. असे हॉटेल वाईटच असते, असे मात्र मुळीच नाही. तिथे तंदूर पेटता असेल तर टिक्का आणि नान मागवावेत, भुना मागवावा, कारण त्यात रस्सा आटवण्याचे कसब दिसते. आणि ज्या प्रांताचे नाव पदार्थाला दिले आहे त्या प्रांताची चव शोधण्याच्या भानगडीत पडू नये. मला खरा आनंद होतो तो मेनूकार्ड आखूड असले की. नल्ली निहारी फक्त शनिवार-रविवारी, हलीम संपेपर्यंत, कढाई गोश्त हाडासकट आणि तेही अर्ध्या किलोच्या मापाने, अशा ओळी दिसल्या तर मी दुसरा विचार करत नाही. जो पदार्थ रोज मिळत नाही तो स्वतंत्र शिजवलेला असतो, आणि हाडासकट मटण हे आपल्या माणसांसाठी रांधल्याचे लक्षण आहे, कारण इंग्रज गिऱ्हाईक सहसा हाड पाहून बिचकते.

आपली माणसे जिथे राहतात तिथेच स्वस्त आणि चांगले मिळते, ही तर साधी गोष्ट आहे. लंडनमध्ये टूटिंग आणि ईस्ट हॅमला तमिळ आणि मल्याळी खाणे, साउथॉलला पंजाबी, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर, 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या गुजराती कुटुंबांनी वसवलेल्या वस्तीत, शाकाहारी माणसाची चैन होते. ब्रॅडफर्डला काश्मिरी-पाकिस्तानी खानावळींत करीच्या किमतीतच चपात्या येतात आणि कुणी हाताने जेवले तर भुवया उंचावत नाहीत. (मराठी जेवण म्हणाल, तर आमचे कालवण आणि पिठले या उतरंडीत कधी शिरलेच नाही, फार तर वडापावने तेवढी वेस ओलांडली.) दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘वीस टक्के सूट, एक ड्रिंक फुकट’ असे आमिष दाखवणारा माणूस जिथे असेल, तिथून मात्र मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

बाल्टी नावाच्या करीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती अस्सल विलायती असूनही मला मनापासून आवडते. बर्मिंगहॅममध्ये स्पार्कब्रुक, बाल्सल हीथ आणि मोझली यांच्या दरम्यानच्या भागाला ‘बाल्टी ट्रँगल’ म्हणतात. तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी हॉटेलवाल्यांनी 1970 च्या दशकात हा प्रकार रूढ केला. पातळ पत्र्याची, दोन कानांची छोटी कढई भडकलेल्या आचेवर ठेवून, तुपाऐवजी तेलात, मांस आणि मसाला झटपट परततात आणि तीच कढई ताटलीत न उपसता थेट गिऱ्हाइकापुढे आणतात. एका पावसाळी मंगळवारी मी तिथे एकटाच जेवायला बसलो होतो. कढई लाकडी पाटावर ठेवली तरी कडेचे तेल तडतडत होते, कडांना मसाला किंचित करपून धरला होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने उशीएवढा एकच नान सगळ्यांत मिळून फाडून घेतला होता. त्या करपलेल्या कडेला नानचा तुकडा घासून खाण्यात बाल्टीची निम्मी मजा आहे. ती भातावर ओतून खाल्ली तर उरते नुसती कोंबडीची करी. आज त्या भागात अशी हॉटेले पूर्वीपेक्षा खूपच कमी उरली आहेत. पत्र्याच्या त्या कढईऐवजी जाड, ओतीव भांडे समोर आले तर ते पाहून घ्यावे, कारण जाड भांड्यात बाल्टी शिजत नाही, फक्त वाढली जाते.

पैशांचे म्हणाल, तर बिल फुगते ते मुख्य पदार्थामुळे नव्हे. न मागता आलेले पापड आणि चटण्यांचा ट्रे, वेगळा भात, वेगळा नान, दारू आणि लंडनमध्ये बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज यांनी ते फुगते. पापड नको असतील तर ट्रे टेबलावर टेकण्याआधी सांगावे. अनेक मुस्लिम मालकांच्या हॉटेलांत दारू विकत नाहीत, पण काही ठिकाणी स्वतःची आणू देतात. जाण्याआधी विचारून घ्यावे. घरी मागवायचे असेल तर ॲपवर बोटे फिरवण्याऐवजी हॉटेलला सरळ फोन करावा, कारण ॲपचे कमिशन भरून काढण्यासाठी तिथे दर पुष्कळदा चढे लावलेले असतात. दारावरचे स्वच्छतेचे स्टिकरही पाहावे. त्यावर शून्य ते पाच असे गुण असतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. तेव्हा इंग्लंडात स्टिकर दिसलेच नाही तर अन्न मानक संस्थेच्या (फूड स्टँडर्ड्स एजन्सी) संकेतस्थळावर त्या हॉटेलाचे गुण शोधावेत. तीनच्या खाली मी जात नाही, चव कितीही नावाजलेली असो.

एक गोष्ट मात्र मला बोचते. साध्या पास्त्याला मुकाट्याने सोळा पौंड मोजणारी माणसे करी बारा पौंडांची झाली की नाके मुरडतात, जणू आपल्या स्वयंपाकाने जन्मभर स्वस्तच राहायचे. या गरम जेवणावर वीस टक्के व्हॅट आहे, तेल-कांदा-गॅस महाग झाला आहे, आणि करी हाउसच्या मालकांची मुले डॉक्टर-वकील झाल्याने आचारी मिळेनासे झाले आहेत. भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटलेल्या, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगच्या मंडळींनी 1951 मध्ये सुरू केलेला, स्ट्रँड या रस्त्यावरचा इंडिया क्लब, जिथे मध्य लंडनमध्ये असूनही डोसा परवडत असे, तो सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाला. म्हणून परवडणारे जेवण शोधताना मी किंमत पाहतो ती मिळणाऱ्या अन्नाच्या मानाने. सर्वांत स्वस्त कुठे, हे शोधत नाही.

शेवटची युक्ती मला एका म्हाताऱ्या सिल्हेटी वेटरने नकळत शिकवली. हॉटेल जवळजवळ रिकामे होते, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून मेनूकार्डावर कुठेच नसलेला, आंबट आणि किंचित कडवट असा वास येत होता. तुम्ही स्वतः काय जेवता, असे मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत विचारले. ते आधी संकोचले, तुम्हाला आवडणार नाही म्हणाले, मग आत जाऊन एका स्टीलच्या वाटीत मटणाचे पातळ कालवण आणि साधा भात घेऊन आले. त्यात सातकरा नावाच्या, जाड सालीच्या लिंबासारख्या फळाचे तुकडे सालीसकट शिजवलेले होते. तोंडात आधी आंबट, मग कडू, आणि मागाहून रेंगाळणारा सुवास. मी वाटी पुसून खाल्ली. त्यांनी बिलात त्याचे पैसे लावले नव्हते, मी आग्रह केला तेव्हा म्हणाले की ते विकायचे नसते. तेव्हापासून गर्दी ओसरलेल्या वेळी जाऊन मी हा प्रश्न विचारतोच; दहातल्या सात वेळा हसून नाही म्हणतात, उरलेल्या तीन वेळा वाटी येते.