भिंतीपेक्षा अंतर महत्त्वाचे

ग्रंथालयातील भिंती काढून टाकल्या की ते आपोआप सर्वांचे होते, असे मत मांडणारा एक लेख वाचला. ते मत मला अर्धेच पटते, कारण वाचकाला एकांतही लागतो. मात्र तो भिंतींऐवजी दारापासूनच्या अंतराने आणि उजेडाच्या दिशेनेही साधता येतो. वास्तुरचनाकार लुई कान यांनी अमेरिकेतील एक्झिटरच्या शाळेसाठी उभारलेल्या ग्रंथालयात मध्यभागी उंच चौक आहे, त्याच्या काँक्रीटच्या भिंतींना भव्य वर्तुळाकार झरोके आहेत, त्याभोवती पुस्तकांची कपाटे आहेत आणि सर्वांत बाहेर, खिडक्यांलगत, एकट्याने बसून वाचण्याची लाकडी मेजे आहेत, जिथे छोट्या खिडकीची सरकती झडप वाचक स्वतःच उघडतो किंवा लावतो. आपल्या जुन्या नाशकातील वाड्यांना ओसरी, चौक आणि माजघर ही उतरंड ठाऊक होतीच. परका माणूस कुठवर येणार, हे कुलुपावाचून ठरत असे.

आपल्या शहराला १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा वारसा आहे. तरीही आज ‘अभ्यासिका’ म्हटले की प्लायवुडच्या आडोशांत बसवलेल्या क्रमांकित खुर्च्याच डोळ्यांसमोर येतात. मी ज्या अभ्यासिकेत दोन वर्षे बसलो, तिथे आडोसे खांद्याएवढे उंच होते, पण देवघेवीची खिडकी आणि जिना दोन्ही पाठीशीच असल्याने प्रत्येक पाऊल ऐकू येई. वृत्तपत्रे चाळायला येणाऱ्या ज्येष्ठांना (त्यांच्या गप्पा हाही वाचनालयाचाच भाग, असे माझे मत) दाराजवळ जागा देऊन कपाटांची रांग मध्ये आणली असती, तर त्या आडोशांचा खर्चही वाचला असता.