सही नसलेला पाहुणा

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कोणी पाहुणा आला की वॉचमन इंटरकॉमवरून मला विचारतो, वहीत नाव लिहून घेतो आणि मगच त्याला आत सोडतो. ही पद्धत मला आजवर जाचक वाटत होती. गेल्या दिवाळीपासून मात्र तिच्याविषयी मला कमालीचा आदर वाटू लागला आहे.

त्याचे असे झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबली, आणि विंडोज ११ने २०१७ साली घेतलेल्या माझ्या धडधाकट लॅपटॉपला, त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा निघाल्यामुळे, पत्रिका जुळत नसल्याचे कळवले. “मामा, विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका, अर्ध्या तासाचं काम आहे,” असे म्हणून भाच्याने एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला आणि तो पुण्याला निघून गेला. अर्ध्या तासाचे काम सांगणारी माणसे पुण्याला का जातात, हे मला त्या रात्री कळले.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर लाल चौकट उमटली. तिचा मथितार्थ एवढाच होता की या पाहुण्याची सही जुळत नाही.

हा प्रताप ‘सिक्युअर बूट’चा. लॅपटॉप चालू होताच, कोणतीही प्रणाली जागी होण्याआधी, फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर, तिच्यावरची डिजिटल सही तपासते. कोणाला आत घ्यायचे याची एक यादी असते आणि कोणाला मुळीच घ्यायचे नाही याची दुसरी. प्रणालीच्याही आधी घुसून बसणाऱ्या घातक प्रोग्रामांना रोखायचे, हा हेतू उत्तमच आहे. पण ही वही कारखान्यातूनच भरून येते, आणि तीत बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या, म्हणजे सही पडताळण्याचे नमुने, असतात. फ्लॅट माझा, हप्ते माझे, आणि पाहुण्यांची यादी मात्र बिल्डरने आधीच लिहून ठेवलेली! २०११ साली, विंडोज ८चे प्रमाणपत्र हवे असलेल्या संगणकांवर हे सिक्युअर बूट चालू असलेच पाहिजे असे ठरले, तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या मॅथ्यू गॅरेट यांनी नेमका हाच धोका दाखवून दिला होता आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. नेहमीच्या संगणकांवर ते बंद करण्याची सोय मालकाला दिलीच पाहिजे, अशी अट त्या वेळी होती. मोबाइलमध्ये असतात तसल्या एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर उलट ती सोय देण्यास बंदी होती. विंडोज १० आले तेव्हा ही सोय देणे न देणे निर्मात्यांच्या मर्जीवर सोपवण्यात आले.

माझ्या लॅपटॉपच्या निर्मात्याची मर्जी होती, पण जरा आढेवेढे घेणारी. एफ-२ दाबून सेटिंगमध्ये शिरलो, तर सिक्युअर बूटची ओळ फिकट राखाडी दिसत होती, आणि तिच्यावर काही केल्या एंटर चालेना. तासाभराच्या शोधानंतर उलगडा झाला, की आधी त्या यंत्राला सुपरवायझर पासवर्ड घालायचा, मग ती ओळ जिवंत होते. म्हणजे एक कुलूप काढायचे असेल, तर आधी दुसरे लावा. मी लावले, सिक्युअर बूट बंद केले आणि विजयी मुद्रेने एफ-१० दाबले. पेनड्राइव्हला अग्रक्रम द्यायला मात्र विसरलो.

परिणामी विंडोजच सुरू झाले, आणि सिक्युअर बूट बंद दिसताच त्याला घरात चोर शिरल्याचा संशय आला. डिस्कचे कुलूप त्या पहाऱ्याशी बांधलेले असल्यामुळे त्याने माझ्याकडे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली सापडली, हे पूर्वजांचे पुण्य. सहा-सहा अंकांचे आठ गट पत्नी मोबाइलच्या पडद्यावरून वाचू लागली, आणि ती मराठी शाळेत शिकलेली असल्याने जोडीजोडीने वाचू लागली.

“छत्तीस, एकोणऐंशी, सतरा.”

मी ३६८९१७ टंकले. यंत्राने नकार दिला.

“अहो, एकोणऐंशी म्हणतेय मी, एकोणनव्वद नाही. चौथीत कसे पास झालात?”

या कीमधला प्रत्येक गट ११ने भागला जातो, त्यामुळे चुकीचा अंक बहुधा तिथल्या तिथे पकडला जातो. जोड्यांची बेरीज ११ने भागली गेली, की गटही भागला जातो. छत्तीस, एकोणऐंशी आणि सतरा यांची बेरीज १३२ होते, ती ११ने भागली जाते. एकोणनव्वद घातले की भागली जात नाही. माझे गणित तपासण्याची ही सोय गुरुजींनंतर प्रथमच कोणी केली असेल.

पहाटे फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून मी सिक्युअर बूट पुन्हा चालू केले, कारण वॉचमनलाच घरी पाठवून पाहुणा आत घेणे मला पटेना. (तो वॉचमनही काही अभेद्य नव्हे. २०२३ साली तज्ज्ञांनी उलगडून दाखवलेला ब्लॅकलोटस हा घातक प्रोग्राम जुन्या, सदोष, पण रीतसर सही असलेल्या फाइलींच्या आडोशाने आत शिरत होता.) या वेळी मी लिनक्सपैकीच उबुंटू निवडले. फेडोरा, उबुंटू वगैरे लिनक्सच्या मंडळींनी, आधी स्वतः आत शिरून मग प्रणालीला आत घेणाऱ्या ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही घेऊन ठेवलेली आहे. त्या सहीच्या सोयीसाठी सुरुवातीला ९९ डॉलर पडत. मुक्त प्रणाली हवी असेल तर आधी प्रतिस्पर्ध्याकडून दाखला आणायचा!

उबुंटू विनातक्रार बसले, पण वायफायच्या ड्रायव्हरला, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, सही नव्हती. त्यावर उपाय आहे, आणि त्याचे नाव वाचून माझे डोळे पाणावले : ‘मशीन ओनर की’, म्हणजे यंत्रमालकाची किल्ली. अखेर कोणीतरी मला मालक म्हटले होते. पासवर्ड ठरवायचा, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, निळा पडदा आला की १० सेकंदांच्या आत कोणतेही बटण दाबायचे आणि ती किल्ली वहीत नोंदवायची. वेळ टळली तर पुन्हा पहिल्यापासून.

निळा पडदा आला. दहा, नऊ, आठ. मी बोट उचलले, आणि दिवाणखान्यात इंटरकॉम खणखणला. पत्नी आंघोळीला गेलेली होती. तो तीनदा वाजल्यावर मला राहवले नाही.

“साहेब, दूधवाला बदली आहे, नवीन माणूस आलाय. सोडू का वर?”

“सोडा, सोडा,” असे ओरडून मी परत धावलो, तेव्हा पडद्यावर उबुंटूचे सुंदर चित्र झळकत होते आणि वायफाय कुठेच दिसत नव्हते.