लेझर कुठे चालतं, कुठे नाही

काका, पाच वर्षांच्या मुलाच्या बाहुलीवरचा पडदा आणि मोतीबिंदू ऑपरेशनने काढल्याचा लेख मी लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘माझा मोतीबिंदू लेझरने काढला, दोन तासांत घरी आलो. मग पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्याला सुरी कशाला?’ असं तुम्ही विचारलंय, आणि ‘थोडं थांबायचं’ असंही सुचवलंय.

आधी तुमच्या मोतीबिंदूबद्दल. पेठांपासून हडपसरपर्यंत सगळे ज्याला ‘लेझर’ म्हणतात, ते बहुतेक वेळा फेको असतं. त्यात अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घेतात. टाका नसला तरी ते ऑपरेशनच.

आता त्या मुलाचा पडदा. पडदा म्हटलं की आपल्याला मागचा रेटिनाच आठवतो. हा तो नव्हे. पोटातल्या बाळाच्या डोळ्यातल्या भिंगाला रक्त पुरवणारी एक जाळी असते. जन्मापर्यंत ती विरून जाते. कधीकधी तिचे धागे बाहुलीवर राहतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो, अशा डोळ्यांना मी हातही लावत नाही. पण शिरूरहून आलेल्या या मुलाचे तपकिरी धागे कोळिष्टकासारखे बाहुली ओलांडून थेट भिंगाला चिकटले होते, आणि चिकटले तिथे, ऐन मध्यावर, खसखशीपेक्षा मोठा पांढरा डाग, म्हणजेच मोतीबिंदू.

डोळ्यातले असे धागे तोडायला जे लेझर वापरतात, ते याग लेझर सुटा धागा तोडतं. चिकटलेल्या धाग्यावर मारलं तर भिंगाचं आवरण फाटू शकतं, धाग्यात रक्त वाहत असेल तर आत रक्तस्राव होतो. शिवाय पाच वर्षांचं मूल हनुवटी टेकवून निश्चल बसायला हवं. आणि एवढं करून डाग तिथेच! म्हणून भूल देऊन, जेलने धागे उचलून कात्रीने कापले, मोतीबिंदू काढला, लेन्स बसवली. मुलांमध्ये लेन्समागचं आवरण फार लवकर धुरकटतं, म्हणून तेही त्याच वेळी मध्यभागी उघडलं.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. धागे सुटे असतील तर नेमक्या रुग्णात लेझर उत्तम, हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. ते सविस्तर लिहायला हवं होतं.

‘थोडं थांबायचं’ हे मात्र नाही पटत. साठीतला मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी काढल्यावर दिसतं, कारण मेंदू बघायला शिकलेला असतो. लहानपणी डोळ्यातून नीट चित्रच गेलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि पुढे भिंग कितीही स्वच्छ केलं तरी नजर पूर्ण येत नाही.

तो मुलगा आता रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून चित्रं रंगवतो. पहिले आठ दिवस पट्टी ओढून काढायचा. आता रंगपेटी आणायला स्वतःच उठतो, असं त्याची आई सांगत होती.